काकूंच्या फाइलीचा वीस मिनिटांचा प्रवास

दप्तरकाकांचं एक ठाम मत होतं. कागद एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात पोचवायला तीनच गोष्टी लागतात: एक पाकीट, थोडा डिंक आणि एक जबाबदार माणूस. यातली तिसरी गोष्ट फार दुर्मीळ आणि ती म्हणजे आपण, हे ते बोलून दाखवत नसत, पण ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. अडतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात काढली. कारकून म्हणून शिरले, विभागप्रमुख म्हणून बाहेर पडले, आणि मधल्या काळात एकही फाइल हरवली नाही. म्हणजे एक हरवली होती, पण ती चार दिवसांनी मुख्य डॉक्टरांच्याच खुर्चीत, उशीखाली सापडली, म्हणून काका ती धरत नाहीत.

अशा माणसाच्या घरात सोमवारी सकाळी प्रश्न उभा राहिला की काकूंची एकतीस वर्षांपूर्वीची फाइल जुन्या इस्पितळातून नव्या इस्पितळात बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचली पाहिजे. दोन इस्पितळांत अंतर बसने वीस मिनिटांचं. काका नुसते हसले.

प्रश्न काकूंच्या गुडघ्याचा होता. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. गेली दोन वर्षं काकूंना गच्चीच्या तेरा पायऱ्या चढता येत नव्हत्या, आणि गच्चीवर त्यांच्या बावीस कुंड्या होत्या. त्यांना पाणी घालायचं काम काकांकडे आलं होतं. काका ते नियमाने करत: रोज, प्रत्येक कुंडीला दोन तांबे, पाऊस पडत असला तरी. बावीसपैकी नऊ कुंड्या या नियमितपणाला बळी पडल्या होत्या. उरलेल्या तेरा वाचवायच्या तर मला स्वतःच्या पायांनी वर जायला हवं, असं काकू म्हणत आणि डोळे पुसत. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. दोन वर्षं खिडकीत बसून आभाळ बघणारी बाई गुडघा बदलायला आनंदाने तयार होते, तेव्हा तिची तारीख पुढे जाणं म्हणजे काय, हे काकांना कळत होतं.

पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काकूंना विचारलं, "याआधी कधी ऑपरेशन?" काकू म्हणाल्या, "एकतीस वर्षांपूर्वी, पित्ताशयाचं. भुलीचं कुठलंसं औषध मानवलं नाही, श्वासच थांबला होता. औषधाचं नाव नाही बाई आठवत." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते नाव कळल्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणाले, बुधवारी पाचपर्यंत जुनी फाइल आली तर ठीक, नाहीतर पुढची तारीख चार महिन्यांनी.

एकतीस वर्षांपूर्वीचा विषय निघाला की काकूंचं एक वाक्य ठरलेलं असे, आणि ते त्या दिवशी डॉक्टरांसमोरही निघालंच. "मी तिकडे मरणाच्या दारात, आणि हे त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर फायली लावत बसले होते. दिवसभरात एकदा वर आले नाहीत." काका यावर नेहमीप्रमाणे चष्मा पुसत राहिले. तीन दशकं त्यांनी या वाक्याला उत्तर दिलं नव्हतं.

सोमवारी दहा वाजता काका जुन्या इस्पितळात हजर झाले. आपल्याच विभागाच्या खिडकीसमोर, पण बाहेरच्या बाजूला उभं राहायची ही त्यांची पहिली वेळ. आत लाल नाडीने बांधलेले गठ्ठे नव्हते, डिंकाचा वास नव्हता. एका स्वच्छ टेबलावर संगणक होता आणि त्याच्यामागे नव्या रेकॉर्डबाई. वागायला अतिशय नम्र.

"फाइल स्कॅन झालेली आहे काका, पूर्ण. पण हातात नाही देता येणार. नियम आहे."

"कुणी केलाय नियम?" काकांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

बाईंनी काचेवरच्या पिवळ्या कागदाकडे बोट दाखवलं. 'रुग्णाची कागदपत्रे कोणत्याही परिस्थितीत नातेवाइकांच्या हाती देऊ नयेत. कागद फक्त इस्पितळातून इस्पितळात जाईल. विनंती, ओळख अथवा रडारड यांचा उपयोग होणार नाही.' खाली काकांची सही. वीस वर्षांपूर्वी कुणाचा तरी मेहुणा एक फाइल बसमध्ये विसरला, त्या संतापात काकांनी हे परिपत्रक काढलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. काकांनी ते दोनदा वाचलं. भाषा चांगली होती, असं त्यांना अशाही परिस्थितीत वाटून गेलं.

"हरकत नाही, मी सुरक्षित मेलने पाठवते," बाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत पोचेल."

पोचला. दुपारी काका नव्या इस्पितळात गेले तेव्हा तिथल्या चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या ताई म्हणाल्या, "आला हो मेल. पण रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे?"

खिडकीताईंनी समजावलं. जुनं इस्पितळ कागद पाठवतच नाही. नुसता निरोप पाठवतं की तुमच्यासाठी कागद आमच्या कपाटात ठेवलेत, इथे दाबा आणि आत येऊन वाचा. आणि नव्या इस्पितळाच्या यंत्रणेला सक्त ताकीद आहे की 'इथे दाबा' असं म्हणणारा प्रत्येक जण चोर समजायचा आणि ती ओळ पुसून टाकायची. म्हणून पोचतं ते फक्त 'कळावे' आणि सही. जुन्याने आपलं दार सोडून बाहेर यायचं नाही, नव्याने बाहेरच्या दाराला हात लावायचा नाही, दोघेही आपापल्या जागी अगदी बरोबर, आणि पेशंट मधल्या रस्त्यावर.

काकांना टपालदादाची आठवण झाली. दोन्ही इस्पितळांमध्ये सायकलवरून कागद नेणारा तो माणूस, खांद्याला कातडी पिशवी, बारा मिनिटांत इकडून तिकडे. त्याचं खाकी पाकीट एकच असायचं, वर्षभर फिरायचं. पाठीवर रकाने छापलेले, आधीचं नाव खोडायचं आणि खाली नवीन लिहायचं. पाकीट उलटं धरलं की सगळ्या शहराची तब्येत वाचता यायची: हाडांचे डॉक्टर, बाळंतपण, डोळे, परत हाडांचे डॉक्टर. टपालदादा सही घेतल्याशिवाय पाकीट सोडायचा नाही आणि चहा घेतल्याशिवाय सही घ्यायचा नाही. सुरक्षित म्हणजे आणखी काय असतं, काका मनात म्हणाले. तो जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती.

घरी आल्यावर शेजारचे विमावाले टपकले. विमा विकायचं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, आता ते फुकट सल्ले देत. "फॅक्स करायला सांगा," ते म्हणाले. काकांनी फोन केला. नव्या इस्पितळात फॅक्सचं यंत्र होतं, पण त्याच्यावर शोभेची कुंडी ठेवली होती आणि कुंडीचं पाणी आत गेलं होतं. हे ऐकून काकू आतून म्हणाल्या, "तिथेही तुम्हीच पाणी घालत होता का?"

"मग एकच उपाय," विमावाले मंगळवारी सकाळी लॅपटॉप घेऊनच आले. "त्या सुरक्षित मेलवर तुम्हीच खातं उघडा. जुनं इस्पितळ तुम्हाला पाठवेल, तुम्ही नव्याला पाठवा. मधला दुवा." काकांना 'मधला दुवा' हा शब्द आवडला. अर्ज मोठा होता. संस्थेचं नाव विचारलं, तिथे काकांनी आपलं घराचं नाव लिहिलं. 'संस्थेचा प्रकार' याखाली चारच पर्याय होते: इस्पितळ, दवाखाना, प्रयोगशाळा, औषधालय. घर हा पर्यायच नव्हता. विमावाल्यांनी 'इस्पितळ' दाबलं. पुढे विचारलं, खाटा किती? काका खोटं बोलत नसत. त्यांनी लिहिलं, तीन, पैकी एक घडीची.

अर्ध्या तासात उत्तर आलं. फाइल नाही आली. आलं ते अभिनंदन. आपली संस्था नोंदली गेली असून गेल्या महिन्याच्या वापरलेल्या सुया व बोळे यांच्या विल्हेवाटीचा अहवाल चोवीस तासांत सादर करावा. पाठोपाठ एका बाईंचा फोन आला की सासऱ्यांना चक्कर येते, एखादी खाट रिकामी आहे का. काकांनी त्यांना ओशाळून खुलासा केला, तोवर काकूंनी आतून विचारलं, "घडीची आहे म्हणावं, चालेल का?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत काका इस्पितळ बंद करण्याच्या अर्जात गुंतले होते. तो अर्ज उघडण्याच्या अर्जापेक्षा मोठा होता, आणि त्यात बंद करण्याचं कारण या रकान्याखाली 'गैरसमज' हा पर्यायही नव्हता.

त्या संध्याकाळी काकू गच्चीच्या पहिल्या पायरीवर बसून होत्या. "राहू दे हो," त्या म्हणाल्या. "चार महिने कसेही जातील." काकांना त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांनी हे इतक्या हळू म्हणावं याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी वर जाऊन कुंड्या मोजल्या. बारा उरल्या होत्या.

बुधवारी रक्ततपासणीसाठी दोघांना नव्या इस्पितळात जायचंच होतं. खिडकीताईंनी सकाळीच एक युक्ती काढली होती. "आपण उलटं करू काका. मी आमच्या कुलपातला मेल त्यांना पाठवते. त्यांनी तो उघडायचा आणि त्याच्या पोटातच उत्तर लिहून फाइल जोडायची. आमच्याच पाकिटातून परत आलेलं आमची यंत्रणा अडवत नाही." काकांना हे फार पटलं. म्हणजे टपालदादाचंच पाकीट की, एकच, जाऊन-येऊन. वरिष्ठांची परवानगी मिळून तीन वाजता मेल गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकांची सून बँकेत कामाला. तिने काकांना मोबाईल दिला त्या दिवशीच बजावलं होतं, "बाबा, फोनवर सहा आकडे येतील. कुणी कितीही गोड बोलून विचारलं तरी सांगायचे नाहीत. सख्ख्या भावालाही नाही." गुप्तता म्हटलं की काका शपथ घेतल्यासारखे वागत. गेल्या चार वर्षांत त्यांना असे एकवीस वेळा सहा आकडे आले होते. ते सगळे त्यांनी तारीखवार एका वहीत उतरवून ठेवले होते, एक दिवस पोलिसांना पुरावा म्हणून द्यायला.

चारला दहा कमी असताना फोन किणकिणला. सहा आकडे. बाविसावे. पाठोपाठ अनोळखी नंबरवरून एका बाईचा आवाज. "नमस्कार, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील, ते जरा..."

"लाज वाटत नाही?" काका म्हणाले. "चांगल्या घरची दिसतेस." आणि फोन ठेवला. मग त्यांनी बाकावर बसलेल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. कुणीतरी मान डोलावली. काकांना गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

सव्वाचारला परत आकडे, परत तोच आवाज. "अहो ऐकून तरी घ्या, मी..." या वेळी काकांनी तिला तरुण पिढी, कष्टाची भाकरी आणि तुरुंग या विषयांवर दोन मिनिटं ऐकवलं. चार पंचवीसला तिसऱ्यांदा. आता आवाज रडवेला होता. "लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे हो," ती म्हणाली. "असंच म्हणतात सगळे," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

तेवढ्यात खिडकीताई बाहेर आल्या. "काका, घोडं अडलंय. जुन्या इस्पितळात आमचा मेल पोचलाय. पण तो उघडायला त्यांच्या रेकॉर्ड विभागाच्या नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडे जातात, आणि तो मोबाईल कुणाचा ते त्यांना माहीत नाही. शेवटचे दोन आकडे शून्य सात दिसतात म्हणे. त्यांनी जुन्या वहीतून शून्य सातवाला एक नंबर शोधला, पण तिथे एक भयंकर म्हातारा आहे, तो तिथल्या रेकॉर्डबाईला शिव्या देतोय. ती रडतेय बिचारी."

काकू काकांकडे वळल्या. "अहो, आपला नंबर कशात संपतो?"

काकांना एकदम निवृत्तीच्या आदल्या महिन्यातली ती दुपार आठवली. संगणकवाला माणूस विचारत होता, विभागाचा अधिकृत मोबाईल नंबर कुठला द्यायचा? आणि काका म्हणाले होते, माझा लिहा, या पोरांवर माझा विश्वास नाही. निवृत्तीला टेबल दिलं, किल्ल्या दिल्या, शिक्का दिला, पावती घेतली. नंबर तेवढा खिशात घरी आला. चार वर्षं जुन्या इस्पितळाला बाहेरचा एकही कुलपातला मेल उघडता आला नव्हता. दर वेळी कंटाळून ते टपालाने कागद मागवत होते, आणि इकडे काका पुरावे जमवत होते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काकू म्हणाल्या. "लावा आता फोन. आणि आधी माफी मागा."

काकांनी फोन लावला. माफी मागितली. रेकॉर्डबाईंनी नाक ओढत नवे आकडे पाठवले. आता ते सांगायचे. काकांची जीभ उचलेना. अडतीस वर्षं आणि वर चार, या तोंडातून कधी गुपित बाहेर पडलं नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून, फोनभोवती हाताचा पडदा करून कुजबुजले, "तीन... आठ..."

"ऐकू येत नाही काका."

"तीन, आठ, आठ..." चष्मा घामाने धुरकटला होता. तिसरा आकडा आठ नव्हता, सहा होता. आकडे चुकले, दार लागलं, परत नवे मागवावे लागले. घड्याळात पावणेपाच. शेवटी काकूंनी फोन हिसकावून घेतला आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल असे सहाच्या सहा आकडे खणखणीत वाचून दाखवले. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

पाचला सहा मिनिटं असताना फाइल आली. छप्पन्न पानं. भुलीचे डॉक्टर स्वतः खिडकीताईंच्या खुर्चीत बसले आणि नवव्या पानावर थांबले. "मिळालं. हे औषध टाळायचं, बस्स. उद्या सकाळी आठला या." काकूंनी काकांचा हात धरला. एवढ्या लोकांसमोर त्यांनी तो कधी धरला नव्हता.

डॉक्टर उठता उठता शेवटच्या पानावर आले. "हे काय आहे? असं कधी बघितलं नाही मी."

"फाइल हालचाल पत्रक," खिडकीताईंनी वाचलं. "फाइल वॉर्डातून कुणी नेली, किती वाजता, कशासाठी."

"ते राहू द्या," काका घाईने म्हणाले. "ते कामाचं नाही."

पण काकूंनी चष्मा लावला होता. तारीख त्यांच्या ऑपरेशनचीच होती. सकाळी नऊ चाळीस, रेकॉर्ड कारकून, कारण: नोंद तपासणे. दहा पंचवीस, रेकॉर्ड कारकून, नोंद तपासणे. अकरा पाच. अकरा पन्नास. पान भरून एकच अक्षर, तिरकं, टोकदार, काकूंच्या ओळखीचं. वॉर्डातली फाइल पेशंट आत असताना खाली मागवायचा अधिकार रेकॉर्डला होता, कुणी तो कधी वापरत नसे. सिस्टर दर वेळी ताप, नाडी, श्वास लिहून फाइल खाली पाठवत होत्या आणि पाच मिनिटांनी ती वर परत जात होती. अकरा वेळा. शेवटची नोंद संध्याकाळची, काकू शुद्धीवर आल्यानंतरची. तिथे कारणाच्या रकान्यात नोंद तपासणे नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'उगाच.'

काकूंनी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"अकरा वेळा फाइल खाली मागवलीत," त्या म्हणाल्या. "एकदा स्वतः वर यायला काय झालं होतं?"

"भेटीची वेळ चार ते सहा होती," काका म्हणाले. "कर्मचाऱ्यांना सवलत नव्हती. आणि चारला तू शुद्धीवर नव्हतीस. मला नाही बघवलं असतं."

"मग इतकी वर्षं मी बोलत होते, तेव्हा सांगायचं नाही?"

"अधिकाराचा गैरवापर होता तो. कसं सांगणार?"

परतीच्या बसमध्ये काकूंनी खिडकीची जागा काकांना दिली, आणि हे चाळीस वर्षांत घडलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी आठला काकूंना आत नेलं. दार बंद झालं आणि वर लाल दिवा लागला. काका बाकावर बसले, उठले, बसले. इथे वॉर्ड वर नव्हता, सिस्टर ओळखीच्या नव्हत्या, आणि फाइल मागवायचा अधिकार तर चार वर्षांपूर्वीच शिक्क्याबरोबर जमा केलेला. ते खिडकीपाशी गेले. "सहज विचारतो, काही नोंद आली का?" खिडकीताईंनी पडद्यावर बघून सांगितलं, "सुरू आहे काका, सगळं ठीक." थोड्या वेळाने परत गेले. मग परत. कधी पाण्याचं विचारायला, कधी पंखा कुठे लागतो ते विचारायला, कधी इस्पितळ बंद करण्याच्या अर्जाचं काय झालं ते सांगायला. ताई दर वेळी न विचारता पडद्याकडे बघत आणि "ठीक आहे" म्हणत.

साडेअकराला दिवा मालवला. डॉक्टर बाहेर आले आणि छान झालं म्हणाले. काकू दारातून जाताना दिसल्या, अर्धवट शुद्धीत, काकांकडे बघून त्यांनी एक बोट हलवलं. सगळं संपलं होतं, काळजीचं काही उरलं नव्हतं. काका तरीही एकदा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"आता काय काका?" ताईंनी विचारलं. "झालं ना सगळं नीट? काही काम होतं?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"उगाच," ते म्हणाले.